केवली, अवारू, उधानू : मराठी मुलखातले घडवलेले आकडे

नंदभाषा ही मराठी व्यापाऱ्यांनी घडवलेली सांकेतिक भाषा. सराफ, कापडवाले आणि दलाल यांच्यात ती चालत असे. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना मालाची खरेदी किती, भाव कोठवर उतरवायचा, दलालीचा वाटा किती, हे एकमेकांना सांगावे लागे आणि ते गिऱ्हाइकाला कळून चालत नसे. म्हणून या भाषेने सर्वांत नेटाने बदलले ते आकड्यांचे शब्द. एकाला तिने केवली म्हटले, दोनाला अवारू, तिनाला उधानू. माणसांनी जाणूनबुजून घडवलेल्या संख्याशब्दांचे मराठीतले हे ठळक उदाहरण आहे.

अशी उदाहरणे थोडी का, हे संख्याशब्दांच्या स्वभावावरून कळते. कपड्यांची, पदार्थांची, हुद्द्यांची नावे भाषेत येतात आणि जातात. आकड्यांची नावे सहसा जागची हलत नाहीत. मराठीतला सात, संस्कृतातला सप्त, फारसीतला हफ्त आणि लॅटिनमधला सेप्तेम हे चारही शब्द एकाच मुळातून आले आहेत. हजारो वर्षांत उच्चार झिजले, शब्द मात्र तोच राहिला. रोज लागणारा आणि चुकला तर पदरचे पैसे घालवणारा शब्द कोणी सहजासहजी बदलत नाही. म्हणून जिथे लोकांनी आकड्यांना मुद्दाम नवी नावे ठेवली, तिथे कारणही तसेच बळकट असते. नांदेड, लातूर आणि त्यांच्या शेजारच्या मुलखात अशी कारणे एकाहून अधिक आढळतात : बाजारातली गुप्तता, खळ्यावरचा मंगलभाव, मुलांचा खेळ आणि संकटातले धैर्य. प्रत्येक कारणाने मोजणीचा वेगळा भाग बदलला आणि उरलेला भाग तसाच ठेवला. काय बदलले आणि काय टिकले, हे पाहिले की मोजणी ही गोष्ट कशाची बनलेली असते ते उलगडत जाते.

एक ते दहा

नंदभाषेतले पहिले दहा आकडे असे आहेत : केवली (१), अवारू (२), उधानू (३), पोकू (४), मुळू (५), शेली (६), पवित्र (७), मंगी (८), तेवसू किंवा लेवनू (९) आणि अंगुळू (१०). पुढच्या टप्प्यांसाठीही शब्द आहेत. विसाला काटी, शंभराला बिटी आणि हजाराला ढकार म्हणत. रुपयाला भुरका म्हणत. काही शब्दांची रूपे ठिकाणागणिक थोडी वेगळी आढळतात. केवलीचे केवळी होते, पवित्रचे पवित्रू होते. तोंडी चालणाऱ्या भाषेत हे व्हायचेच.

या शब्दांची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. दहांपैकी निम्म्याहून अधिक शब्द ऊकारान्त आहेत : अवारू, उधानू, पोकू, मुळू, तेवसू, अंगुळू. एकाच साच्यातले शब्द पाठ करायला सोपे जातात आणि भरभर बोलताना ते एका जातीचे म्हणून ओळखू येतात. दोन शब्दांत अर्थाचा धागा दिसतो. केवली ऐकताच ‘केवळ’ आठवतो, म्हणजे एकटा, दुसरे काही सोबत नसलेला. अंगुळू ऐकताच अंगुली, म्हणजे बोट आठवते. आणि दोन्ही हातांची बोटे दहाच असतात. बाकीच्या शब्दांचा मात्र आकड्याशी अर्थाने संबंध लागत नाही, आणि गुप्त भाषेला तेच हवे असते.

चोरून ऐकणाऱ्याची दिशाभूल करण्याची सोयही या यादीत आहे. मराठी कान ओळखीच्या पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधतो. पोकूतल्या ‘प’वरून पाच वाटावेत, तर तो चार. पवित्रमधल्या ‘प’वरूनही पाचच वाटावेत, तर तो सात. तेवसू हा शब्द तेविसाच्या अगदी जवळ जातो, पण त्याचा अर्थ नऊ. सहा आणि शेली यांचे पहिले वर्ण तेवढे जवळचे आहेत; इतरत्र अंदाज करणारा फसतोच.

सांकेतिक बोली घडवण्याचे दोन मार्ग असतात. एक नियमाचा, दुसरा यादीचा. शाळकरी मुलांची ‘च’ची भाषा नियमाची आहे. शब्दातले पहिले व्यंजन शेवटी टाकायचे आणि त्याच्या जागी च घालायचा, ही तिची एक रूढ रीत. तिच्यात दोनचे चोनद होते, पाचचे चाचप, सहाचे चहास. नियम एकदा कळला की सगळे आकडे एका झटक्यात उघडे पडतात. नंदभाषा यादीची आहे. मुळू म्हणजे पाच हे कळले तरी त्यावरून मंगी म्हणजे आठ हे कळत नाही. प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो, म्हणून शिकायला ती अवघड आणि फोडायलाही अवघड. ज्या भाषेवर पोट चालते तिच्यासाठी दुसरा मार्ग निवडला गेला, यात नवल नाही.

व्याकरण मराठीच

नंदभाषेला भाषा म्हणत असले तरी तिचे व्याकरण स्वतंत्र नव्हते. वाक्य मराठीचेच, प्रत्यय मराठीचेच, क्रियापदेही बहुतेक मराठीच. त्यात नेमक्या जागी परके शब्द बसवायचे. ‘पोकू भुरके सांग, उधानूवर सोड’ असे वाक्य या रीतीने घडू शकते. त्यात सांगणे, सोडणे, ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय आणि भुरक्याचे अनेकवचन सगळे नेहमीचे आहे. ऐकणाऱ्याला वाक्य मराठी आहे हे कळते, काहीतरी सांगायचे आणि सोडायचे आहे हेही कळते. किती, हे तेवढे कळत नाही. सौद्यात लपवण्याजोगी गोष्ट तेवढीच असते.

जगभरातल्या धंदेवाईक गुप्त बोलींची हीच तऱ्हा आहे. त्या नवी भाषा उभी करत नाहीत. चालत्या भाषेतले नाजूक शब्द बदलतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक शब्द म्हणजे आकडा. मोजण्याची रीत मात्र नंदभाषेने बदलली नाही. दहाला नवा शब्द, विसाला नवा शब्द, शंभराला नवा शब्द, हजाराला नवा शब्द. टप्पे तेच, जे मराठी माणसाच्या वहीत आधीपासून होते. दहाऐवजी बारावर किंवा आठावर आधारलेली मोजणी तिने घडवली नाही. तशी घडवली असती तर प्रत्येक सौद्याला मनातल्या मनात रूपांतर करावे लागले असते, आणि चूक झाली असती ती आपल्याच माणसाची.

औंढ्याचे विसोबा

नंदभाषेच्या जुनेपणाचा एक धागा मराठवाड्यात सापडतो. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर या भाषेतील एक अभंग सांगितला जातो. परंपरा सांगते की विसोबा आधी व्यापारधंद्यातले. ‘विसोबा चाटी’ या नावानेही ते ओळखले जातात. नामदेवांची आणि त्यांची भेट झाली ती औंढा नागनाथाच्या देवळात. हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र आज हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या अगदी शेजारी आहे. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो.

अभंगाचा विषय शंकराचे रूप आहे आणि त्यात आकडे आले की ते नंदभाषेतले येतात. देवाची मुखे मुळू, नेत्र उधानू, हात अंगुळू. शिव पाच मुखांचा, तीन नेत्रांचा आणि दहा हातांचा, हे भाविकाला ठाऊकच असते. त्यामुळे जो शब्द बाजारात कोणाला फोडता येत नव्हता, तो देवाच्या वर्णनात आपोआप सुटतो. मुळू म्हणजे पाच आणि उधानू म्हणजे तीन, याचा पुरावा मूर्तीच देते. पेढीवर अर्थ झाकण्यासाठी घडलेले शब्द इथे भक्तीच्या कामी आले आणि त्यांच्या अर्थाची किल्लीही त्याच अभंगात राहिली. सांकेतिक भाषांचे शब्द बहुधा वापरणाऱ्यांबरोबर नाहीसे होतात. नंदभाषेचे आकडे जुन्या शब्दसंग्रहांमुळे आणि अशा रचनेमुळे मागे उरले.

उपरण्याखालचा हात

मराठवाड्याच्या जनावरांच्या बाजारात आकडा लपवण्याची दुसरी रीत होती, आणि तिला शब्दच लागत नसे. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची मोठी यात्रा वेळ अमावस्येच्या सुमारास भरते. घोडे, बैल, गाढवे, उंट अशा जनावरांच्या खरेदीविक्रीसाठी ती दूरवर प्रसिद्ध आहे. लातूर जिल्ह्यात उदगीर तालुक्यातला हाळी हंडरगुळीचा जनावरांचा बाजार असाच नावाजलेला. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या दोन गोवंशजातींची नावेही याच मुलखातली. जिथे असे पशुधन, तिथे हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, आणि दलाल असणारच.

दोघे सौदेकरी समोरासमोर उभे राहतात. उपरण्याखाली, रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली एकाचा हात दुसऱ्याच्या हातात जातो. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा धरला की पाच. पंजा दाबून पुन्हा एक बोट धरले की सहा. धरलेले बोट शंभराचे की हजाराचे, हे आधीच्या बोलण्यावरून दोघांना ठाऊक असते किंवा तेवढे मोठ्याने सांगितले जाते. तोंडाने दोघेही जनावराच्या दातांविषयी, वशिंडाविषयी, चालीविषयी बोलत राहतात. भोवती जमलेल्यांना भाव चालू आहे हे दिसते, आकडा दिसत नाही.

नंदभाषेत आकड्याचे नाव बदलले. इथे नावच नाहीसे झाले आणि आकडा स्पर्शात गेला. तरीही मोजणीचा सांगाडा तोच राहतो. एका हाताची पाच बोटे, दोन पंजे मिळून दहा, आणि त्यावर शेकडा व हजार. फरक एवढाच, की इथे आकडा आणि त्याचा टप्पा वेगवेगळ्या वाटांनी पोचतात : आकडा बोटांनी, टप्पा तोंडाने.

बोटांवरून आकडाच नव्हे, अख्खा शब्द सांगण्याची विद्याही मराठीत आहे. तिला करपल्लवी म्हणतात. तिच्यात हाताचा विशिष्ट आकार करून अक्षराचा वर्ग दाखवतात : फणा काढलेल्या सापासारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्रासारखा फिरवला की च-वर्ग. मग जितकी बोटे दाखवावीत तितक्या क्रमांकाचे त्या वर्गातले अक्षर. चुटक्यांवरून स्वरचिन्ह कळते. कमळाचा आकार आणि तीन बोटे म्हणजे ग. म्हणजे करपल्लवीत अक्षरेसुद्धा मोजूनच बोलली जातात. डोळ्यांच्या खुणांनी बोलणे ती नेत्रपल्लवी.

उपरण्याखालचा सौदा दोन व्यापाऱ्यांमध्ये होतो तोवर ती एक सोय असते. तोच सौदा अडते आणि खरेदीदार यांच्यात होऊ लागला आणि माल शेतकऱ्याचा असला, की सोयीचे रूप पालटते. आपल्याच धान्याला काय भाव पुकारला गेला हे शेतकऱ्याला कळत नाही. बाजार नियंत्रणाच्या कायद्यांमागे हे एक मोठे कारण होते. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंज्यात १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानला जातो. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. १९२८ सालच्या शाही कृषी आयोगाच्या अहवालाने बाजारातल्या अशा गैररीतींकडे लक्ष वेधले. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे १९३० साली शेतमाल बाजाराचा कायदा आला. पुढे १९६३ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समित्यांची आजची घडी बसवली. भाव गुप्त खुणांनी ठरू नये, उघड लिलावात सर्वांदेखत पुकारला जावा, हे या सगळ्या व्यवस्थेचे एक मूळ तत्त्व. आकडा मोठ्याने उच्चारणे हा त्यामुळे शेतकऱ्याचा हक्क ठरला.

निजामाच्या राज्यात आकड्यांना आणखी एक गुंता होता. तिथे हाली सिक्का हे राज्याचे स्वतःचे नाणे चाले आणि शेजारच्या इंग्रजी मुलखातला रुपया कलदार म्हणून ओळखला जाई. सहा कलदारांना सुमारे सात हाली असा ढोबळ हिशेब. दोन्ही रुपयांचे आणे सोळाच. नुसते ‘शंभर रुपये’ म्हणून भागत नसे. शंभर कोणते, हे सांगावेच लागे. आकड्याचे नाव एक आणि किंमत दोन, अशी ही उलटी परिस्थिती होती.

खळ्यावरचा लाभ

आकडा लपवायचा नसतानाही त्याचे नाव बदलले जाते. खळ्यावर धान्याची रास पडली की पायलीने माप घालायला सुरुवात होते. मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. मग दोन, तीन, चार नेहमीसारखे. एक हा शब्द तुटपुंजा वाटतो, एकटेपणाचा वाटतो. वर्षभराच्या कष्टांची रास मोजताना पहिला शब्द भरभराटीचा असावा, अशी त्यामागची भावना.

इथे ऐकणाऱ्यापासून काही लपलेले नाही. लाभ म्हणजे एक, हे शेतकऱ्याला, मापाड्याला आणि पोती भरणाऱ्या हमालाला, सर्वांना ठाऊक असते. बदल फक्त पहिल्या पायरीत आहे आणि त्याला कारण गणिताचे नाही, श्रद्धेचे आहे. गणिताला मात्र धक्का लागत नाही. लाभ म्हटलेले माप हिशेबात एकच धरले जाते आणि त्याच्या पुढचे माप दुसरेच राहते.

वकट, लेंड, मूंड

विटीदांडूच्या खेळातली मोजणी ही घडवलेल्या आकड्यांची तिसरी तऱ्हा. विटी कशी टोलवायची, कोठून उडवायची याला क्रमाने नावे आहेत : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, आणि पुढे झक्कूपर्यंत. गावोगाव या नावांत थोडा फरक पडतो, पण क्रमाची सुरुवात महाराष्ट्रभर ओळखीची आहे. खेळणाऱ्या मुलांना हे शब्द निरर्थक वाटतात. ते तसे नाहीत.

तेलुगूत एकाला ओकटि म्हणतात, दोनाला रेंडु, तिनाला मूडु, चाराला नालुगु. वकट, लेंड, मूंड, नाल यांचे माहेर त्यावरून सहज दिसते. नांदेड जिल्ह्यातले देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे तालुके तेलंगणाला लागून आहेत. तिथल्या बाजारात मराठी आणि तेलुगू शेजारी-शेजारी ऐकू येतात, आणि ओकटि-रेंडु कोणाला परके नाही. पुण्याकडच्या किंवा कोकणातल्या मुलाला मात्र आपण तेलुगूत मोजतो आहोत याचा पत्ताही नसतो.

पाचव्या जागी येणारा आर हा शब्द अधिक बोलका आहे. तेलुगूत पाचाला ऐदु म्हणतात आणि सहाला आरु. कन्नडातही आरु म्हणजे सहाच. खेळाच्या क्रमात पाचाचा शब्द गळला आणि सहाचा शब्द पाचव्या जागी येऊन बसला. जोवर मूळ भाषा जाणणारा माणूस क्रम सांगत असतो तोवर असे होत नाही. तो चूक लगेच पकडतो. शब्दांचा अर्थ विसरला गेला, नुसता उच्चार आणि क्रम उरला, की मधला एखादा शब्द निसटला तरी खेळ अडत नाही. पाचवी पायरी पाचवीच राहते. तिला नाव कोणते, याला महत्त्व उरत नाही. नंदभाषेत शब्द मुद्दाम अर्थहीन केले गेले, इथे ते कालांतराने अर्थहीन झाले.

एकाचे सव्वा लाख

नांदेडमध्ये संख्येच्या नावाला नव्हे, तिच्या मोलालाच हात घालणारी एक परंपरा आहे. दहावे शीख गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. तिथला तख्त सचखंड श्री हजूर साहिब हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. आजची वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. इथे येणाऱ्या निहंग शिखांमध्ये ‘खालसा बोले’ नावाची खास शब्दावली चालत आली आहे. तिच्यात एकट्या शिखाला ‘सवा लाख’ म्हणतात. पाच जण आले तर सव्वासहा लाख फौज आली.

ही बोली अठराव्या शतकात रुळली. मोगल सत्तेचा पाठलाग आणि अफगाण स्वाऱ्या यांच्या तडाख्यात शीख जथे रानावनांत राहत होते. माणसे थोडी, अन्न थोडे, उद्याचा भरवसा नाही. त्या दिवसांत या बोलीने प्रत्येक उणिवेला थोर नाव दिले. भाजलेले चणे म्हणजे बदाम. तिखट मिरची म्हणजे लडाकी, भांडखोर. मीठ म्हणजे सरबरस, सर्व रस. लंगरातला शिधा संपला तर लंगर मस्त झाला म्हणायचे. सवा लाख याच कुळातला शब्द. एक शीख सव्वा लाखांना भारी पडेल, हा गुरू गोविंदसिंगांच्या नावाशी जोडलेला विश्वास त्यात एकवटला आहे.

नंदभाषेत केवली हा शब्द एकाची खरी किंमत सांगतो, फक्त परक्याला कळू देत नाही. सवा लाख हा शब्द सर्वांना कळतो, आणि खरी मोजदाद करत नाही. तो बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला बळ देतो. त्यातही एक शिस्त आहे. गुणाकार ठरलेला आहे : एकाला सव्वा लाख, दोघांना अडीच लाख. शत्रूने ऐकले तर तो बुचकळ्यात पडेल, आपल्या माणसाने ऐकले तर तो भागाकार करून खरी संख्या काढेल. सव्वाला मराठी मनातही मान आहे. सव्वा रुपयाची दक्षिणा किंवा सव्वा शेराचा प्रसाद देताना पूर्णावर थोडे अधिक टाकण्याचा जो भाव असतो, तोच इथे लाखाच्या मापाने येतो.

अर्थातून संख्या

विद्वानांच्या जगातही आकड्यांना दुसरी नावे होती, पण ती झाकण्यासाठी नव्हती. संस्कृत ज्योतिषग्रंथ आणि शिलालेख यांत भूतसंख्या नावाची पद्धत आढळते. जी वस्तू जितकी, तिचे नाव तितक्या संख्येसाठी. चंद्र एक, नेत्र दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच, ऋतू सहा, मुनी सात, वसू आठ, नंद नऊ, आणि आकाश म्हणजे शून्य. वाचताना आकडे उजवीकडून डावीकडे मांडायचे. नेत्र, वेद, नंद अशा क्रमाने शब्द आले तर २, ४, ९ हे आकडे उलटे मांडून संख्या होते ९४२. मगधाचे नंद राजे नऊ, म्हणून नंद म्हणजे नऊ. नांदेडच्या नावाची एक लोकप्रिय व्युत्पत्तीही याच नऊ नंदांशी नाते जोडते.

या पद्धतीची गरज छंदातून निर्माण झाली. गणित आणि ज्योतिष श्लोकांत लिहिले जाई. नेहमीचा संख्याशब्द वृत्तात बसला नाही तर कवी-गणिती अडायचा. दोनासाठी नेत्र, कर, पक्ष, कर्ण असे अनेक शब्द हाताशी असले की हवा तो बसवता येतो. शिवाय श्लोक पाठ राहतो आणि आकडा त्याच्यासोबत टिकतो. नंदभाषा आणि भूतसंख्या यांची कामे अशी परस्परविरुद्ध आहेत. एकीत शब्दाचा अर्थ पुसून संख्या झाकली जाते, दुसरीत शब्दाच्या अर्थातूनच संख्या उजेडात येते. विसोबांच्या अभंगात या दोन रीती एकमेकींना भेटतात : शब्द नंदभाषेचा, आणि तो उलगडायचा देवाच्या अवयवांवरून.

नियमाने घडवलेली मोजणी

आधुनिक काळात जगात ठरवून घडवलेल्या भाषांनी आकड्यांचा वेगळा विचार केला. १८८७ साली लुडविक झामेनहोफ यांनी एस्पेरांतो भाषा जाहीर केली. तिच्यात उनु, दु, त्रि यांपासून देकपर्यंत दहा शब्द, शंभरासाठी त्सेंत आणि हजारासाठी मिल. एवढ्या बारा शब्दांवर नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत मोजता येते. तेवीस म्हणजे दुदेक त्रि, शब्दशः दोन-दहा तीन. कथा-कादंबऱ्या आणि चित्रपटांसाठी घडलेल्या भाषांनी तर मोजणीचा पायाच बदलून पाहिला. टोल्किन यांच्या एल्फांची मोजणी बारांच्या गटांनी चालते. ‘अवतार’ या २००९ सालच्या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी घडवलेल्या नावी भाषेत मोजणी आठावर आधारलेली आहे, कारण त्या लोकांच्या एका हाताला चारच बोटे. कल्पनेतल्या माणसांना दुकान चालवायचे नसते, म्हणून त्यांच्या भाषेला ही मोकळीक मिळते.

एस्पेरांतोसारखी नियमबद्धता मराठीत नाही. एक ते शंभर यांतली बहुतेक रूपे वेगवेगळी पाठ करावी लागतात. एकोणीस, एकोणतीस, एकोणनव्वद अशी वजाबाकीने बनलेली रूपे आहेत, पण नव्याण्णवला तो नियम लागत नाही. एककाचा शब्द आधी येतो आणि दशकाचा नंतर, पण लिहिताना दशक आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात यावर एक उपाय आला. त्रेसष्टसोबत साठ तीन, पंच्याहत्तरसोबत सत्तर पाच अशी दुहेरी वाचनाची सोय दिली गेली. डॉ. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरांनी भरलेली, लिहिण्याच्या उलट क्रमाने वाचली जाणारी रूपे लहान मुलांना जड जातात, अशी या बदलामागची भूमिका होती. त्यावर राज्यभर वाद झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द हरवतील, अशी भीती अनेकांनी बोलून दाखवली.

नांदेड-लातूरच्या सीमेवरच्या मुलांना साठ तीन ही रीत तितकी अनोळखी नसते. तेलुगूत वीस म्हणजे इरवै आणि तेवीस म्हणजे इरवै मूडु, वीस तीन. उदगीर, देवणी, निलंगा या बाजूंना कन्नड ऐकू येते, आणि तिथेही तेवीस म्हणजे इप्पत्तमूरु, वीस तीन. जी रचना मराठी पुस्तकात नवी म्हणून आली, ती शेजारच्या दोन भाषांत जुनीच आहे.

नाव आणि क्रम

या सगळ्या रीती शेजारी ठेवल्या की मोजणीचे दोन थर वेगळे दिसतात. वरचा थर नावांचा. तो हवा तसा बदलता येतो. व्यापारी त्याला अर्थहीन करतो, हेडी त्याला बोटांत लपवतो, मापाडी त्याला मंगल करतो, खेळणारी मुले त्याचा अर्थ विसरतात, निहंग त्याला लाखाने गुणतो, ज्योतिषी त्याला श्लोकात बसवतो आणि पाठ्यपुस्तक त्याला सोपा करते. खालचा थर क्रमाचा आणि टप्प्यांचा. एकामागून दोन, दहांचा गट, दहा दहांचा शेकडा, दहा शेकड्यांचा हजार. या थराला बाजार, खळे किंवा शाळा यांपैकी कोणीही हात लावत नाही, कारण हिशेब त्याच्यावर उभा असतो.

आज नांदेड आणि लातूरच्या बाजार समित्यांत शेतमालाचा भाव उघड पुकारला जातो. केवली ते अंगुळू हे शब्द आता दुकानापेक्षा जुन्या शब्दसंग्रहांत आणि विसोबांच्या नावाच्या अभंगात भेटतात. वकट आणि लेंड मैदानावर, लाभ खळ्यावर. ज्या गरजेने शब्द घडला ती जितकी टिकली, तितका तो शब्द टिकला. क्रमाला मात्र त्यांच्यापैकी एकानेही धक्का लावला नाही. केवलीनंतर अवारू येतो आणि अवारूनंतर उधानू, जसे एकानंतर दोन आणि दोनानंतर तीन.